तीनदा वाजवलेली गाडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय आली नाही. कामशेतच्या बाजारात माठ घ्यायचा असला, तर आबा तो डाव्या तळहातावर तोलायचे, उजव्या हाताच्या पेराने टिचकी द्यायचे आणि डोळे मिटायचे. माठवाली मावशी म्हणायची, भाऊ, माठ न्यायचा हाय का त्याचं गाणं ऐकायचं हाय. तवा, पातेलं, कलिंगड, नारळ, दाराची फळी, सगळ्यांना तीच परीक्षा. आई चारचौघांत सांगायची की लग्नाआधी ह्यांनी मला तेवढं वाजवून घेतलं नाही, नाहीतर ते वाचले असते आणि मीही. आबा त्यावर हसायचे नाहीत. हसू मिशीत ठेवून पुढच्या माठाकडे वळायचे. मला लहानपणी वाटे की सगळ्यांचेच वडील असे असतात, जगातली प्रत्येक गोष्ट आतून कशी आहे हे बाहेरून एका टिचकीत सांगणारे.

आबा रेल्वेत होते. घाट उतरणारी मालगाडी लोणावळ्याला थांबायची, आणि खंडाळ्याच्या उताराला लागण्याआधी तिची तपासणी व्हायची. आबा लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या एका कडेने चालत जायचे आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचे. चाक धड असेल तर आवाज खणखणीत उठतो आणि त्याच्या मागे तार छेडल्यासारखी बारीक थरथर बराच वेळ राहते. चाकात केसाएवढी चीर असली तरी तो आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या माठासारखा, आणि जागच्या जागी मरतो. डबा द्यायला गेलो की मी यार्डाच्या कुंपणापाशी उभा राहून बघायचो. धुक्यात आबा दिसायचे नाहीत, नुसते टोले ऐकू यायचे, एकेक करून लांब लांब जाणारे. कधीतरी टोल्यांमधलं अंतर वाढायचं. त्याच चाकावर दुसरा टोला, मग तिसरा. मग शिट्टी. एवढी अजस्र गाडी, तिची दोन इंजिनं, तिचा ड्रायव्हर, गार्ड, सगळे एका किडकिडीत माणसाच्या शब्दासाठी थांबून राहायचे. देवळात जाणारी माझ्या वर्गातली पोरं ज्या चेहऱ्याने गाभाऱ्याकडे बघायची, त्या चेहऱ्याने मी त्या धुक्याकडे बघत असणार.

आबांचं एक तत्त्व होतं. सरकारी हातोडी घरच्या कामाला नाही. म्हणून त्यांनी भाज्याच्या एका लोहाराकडून तशीच एक वीतभर हातोडी घडवून घेतली होती, बाभळीच्या दांड्याची. भाजे आमचं गाव, मळवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुट्टीत तिथे गेलो की आबा मला ओढ्याच्या काठी दगड वाजवायला लावायचे. कुठला आतून भरीव, कुठला पोकळ, कुठला फुटायच्या बेतात आहे. मी चुकलो की रागवायचे नाहीत, पुन्हा वाजवायचे. बरोबर आलो की म्हणायचे, "कान आला रे तुला." मला शाळेत मिळालेली कुठलीच शाबासकी आता आठवत नाही. ही आठवते.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. आषाढापासून भिंतींना ओल यायची, कपडे चुलीवरच्या तारेवर वाळायचे आणि त्यांना सुकटीच्या कालवणाचा वास लागायचा. आई इंद्रायणीचा भात मऊ करायची, त्यावर खेकड्यांचं पातळ कालवण. नांग्या फोडायला तिला आबांची ती छोटी हातोडी लागे, आणि आबा दरवेळी म्हणत, ती हत्यार आहे, भांडं नव्हे. घरात सतत कसला ना कसला आवाज असायचा: इंजिनांचे भोंगे, कुकर, शेजारच्या जोशी मावशींचा रेडिओ. आणि त्या सगळ्यांच्या खाली माझ्या धाकट्या बहिणीचा, सुजाताचा, श्वास. तिला दमा होता. पावसाळ्यात तिच्या छातीतून शिट्टीसारखा सूर यायचा, आणि घरातला प्रत्येक माणूस बोलता बोलता अर्धं लक्ष त्या सुराकडे ठेवायचा. सूर चढला की बोलणं थांबायचं.

ती तेरा वर्षांची असताना एका पहाटे तो सूर इतका चढला की मग एकदम बंदच झाला. ओठ निळे पडले. रिक्षावाला धुक्यात हायवेला यायला तयार होईना. शेवटी कार्ल्याहून दूध घेऊन आलेला टेम्पो परत निघाला होता, त्यात रिकाम्या कॅनांच्या मध्ये आई तिला मांडीवर घेऊन बसली. मी मागे उभा होतो. तळेगावच्या दवाखान्यात पोचायला सव्वा तास लागला, कारण टेम्पोवाल्याला वाटेत दोन ठिकाणी कॅन उतरवायचे होते आणि त्याला नाही म्हणायचं आम्हाला सुचलं नाही. डॉक्टर आबांना एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी अर्धा तास आधी या.

त्याच आठवड्यात आबांनी फंडातून पैसे काढायचा अर्ज केला. आमच्या कॉलनीत कुणाकडेच मोटार नव्हती. साहेब लोकांकडे होत्या. आबांनी कागदावर काही लिहिलं नाही, जेवताना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, गाडी जुनीच, साठ हजारांच्या वर एक रुपया नाही. दुसरी, चार माणसं बसली पाहिजेत, त्यातलं एक आडवं. तिसरी, तळेगाव अर्ध्या तासात. आई म्हणाली, एवढ्या पैशात एवढं सगळं देणारी सासू पण मिळत नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, तळेगावच्या कॉलेजात, एका मित्राच्या मामाच्या जीपवर नुकताच गाडी शिकलेला. गाडी चालवणार मीच, त्यामुळे मी आपोआप निम्मा मालक झालो होतो.

मग दोन-तीन महिने आमचे रविवार गाड्या बघण्यात गेले. आबा धुतलेला शर्ट घालायचे, पिशवीत छोटी हातोडी, आणि मला वाटेत शिकवायचे. बॉनेटचे स्क्रू बघ, पान्याने खरवडलेत का. सकाळी थंड असतानाच जाऊ, तापवून ठेवलेली गाडी गोड बोलते. गाडीवाले आधी आमच्याकडे आणि मग हातोडीकडे बघायचे. कामशेतच्या एका मास्तरांच्या गाडीला आबांनी दारावर पेराने टिचकी दिली आणि म्हणाले, गुरुजी, हितं लय लांबी भरलीया. लांबी म्हणजे पत्र्याचा पोचा बुजवायला भरतात ती पुट्टी. गुरुजी म्हणाले, भाऊ, माझ्या दातांत पण भरलीय, तरी मी चावतो. आम्ही चहा पिऊन परत आलो.

या फेऱ्यांमध्ये आबांनी एक नवी पद्धत काढली होती. म्हणायचे, "मी हाणतो, तू ऐक." गाडीच्या खालचा सांगाडा, ज्याला गॅरेजवाले चेसी म्हणतात, त्याला ते जमिनीवर आडवं होऊन जागोजाग हातोडीने टोले द्यायचे आणि विचारायचे, आवाज कसा आला? मी सांगायचो. ते मान हलवायचे. माझी छाती फुगायची. आबांनी आपला वारसा माझ्याकडे दिला, असं मी कॉलेजच्या मित्रांना सांगितल्याचंही आठवतं.

सुदुंबऱ्याला एका कारखान्यातल्या फिटरची राखाडी डिझेल गाडी होती. बायकोच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली. त्याने एकेक पदर काढून ती उघडी केली तेव्हा आबांनी तिच्याभोवती दोनदा चक्कर मारली. खालून वाजवली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत. असा एकसारखा आवाज मी पुन्हा कुठल्या गाडीचा ऐकला नाही. पण चढाला लावली आणि मागून एका सायकलवाल्याने घंटी देऊन आम्हाला ओलांडलं. फिटर म्हणाला, "पळत न्हाई, पर सोडत बी न्हाई." आबांना ती आवडली होती हे मला कळलं. मला ती अगदीच मेलेली वाटली.

त्याच संध्याकाळी मला दुसरीही एक गोष्ट कळली. आबा ओट्यावर बसले होते, पाठ स्वयंपाकघराकडे. आत कुकरची शिट्टी झाली. आबा दचकले नाहीत, ते ठीक. पण सुजाताच्या छातीतला तो बारीक सूर चालू होता, ती त्यांच्यामागे हातभर अंतरावर बसली होती, आणि आबा शांतपणे बडीशेप निवडत होते. आई आतून तिच्याकडे बघत होती, मी बघत होतो, फक्त आबा बघत नव्हते. त्यांना बोलणं ऐकू यायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघत ते सगळं नीट बोलायचे. बारीक आवाज तेवढे गेले होते. तीस वर्षं लोखंडावर लोखंड ऐकून कानांनी ती तार गमावली होती. मग मला त्या 'तू ऐक'चा अर्थ लागला. टोला मारल्यावर ते गाडीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे का बघतात, त्याचाही. मी हे कुणाला बोललो नाही. त्यांच्या कामाचं काय, घाटातल्या गाड्यांचं काय, हा प्रश्न मला पडला, आणि तो मी बाजूला सारला. तेव्हा तो मला आबांचा प्रश्न वाटला.

लाल गाडी वडगावच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात होती. पेट्रोलची, छोटी, रुंद तोंडाची. सुजाता हट्ट करून बरोबर आली होती. आवारातला माणूस म्हणाला, आधी चालवून बघा, मग बोलू. मी जुन्या हायवेला ती कामशेतच्या दिशेने घेतली. आजवर मी पुष्कळ गाड्या चालवल्या, पण त्या चार-पाच मिनिटांसारखं पुन्हा काही झालं नाही. पाय नुसता टेकवला आणि पाठ सीटला चिकटली. दोन्ही बाजूंची भातखाचरं हिरव्या पट्ट्यासारखी ओढली गेली, समोर विसापूर किल्ला एकदम मोठा होत आला. माणसाने बनवलेल्या वस्तूत एवढी ताकद असते आणि ती माझ्या अंगठ्याएवढ्या हालचालीवर चालते, याचा मला जवळजवळ धाक बसला. मागून सुजाताचा आवाज आला, "दादा, आपण असं जाणार?" मी म्हटलं, असंच. आबा शेजारी बसून घड्याळाकडे बघत होते. परत येताना म्हणाले, "अर्ध्या तासात जाईल ही." त्यांच्या आवाजातही तो धाक होता.

मग ते पिशवी पसरून गाडीखाली आडवे झाले. मी शेजारी उकिडवा बसलो. उजवी बाजू मागून पुढे खणखणीत आली. डावी बाजू आली. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे त्यांनी टोला दिला, आणि आवाज बद्द आला. त्यात शंकेला जागा नव्हती. ओढ्याकाठी दहा वर्षांचा असताना मला तो ओळखता आला असता. तिथे चेसी कापून जोडलेली होती, म्हणजे गाडी कुठेतरी जबर आपटलेली होती. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आवाज कसा आला?"

"साफ आहे."

त्यांनी त्याच जागी पुन्हा टोला दिला. हातोडीचा दांडा जरा वेळ मुठीत तसाच धरून ठेवला. "पुन्ना ऐक."

"साफ आहे, आबा."

तिसरा टोला त्यांनी सावकाश दिला. माझ्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. "खणखणीत?"

"खणखणीत."

"बरं," ते म्हणाले, आणि बाहेर येऊन शर्टावरची माती झटकू लागले.

सुजातासाठी बोललो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते थोडं खरंही आहे. पण आता या वयात लिहायलाच बसलोय तर लिहितो. गाडी लाल होती, पळत होती, आणि मला ती कॉलेजच्या गेटसमोरून न्यायची होती. सुदुंबऱ्याची राखाडी गाडी मला तिथून न्यायची नव्हती.

गाडी घरी आली त्या दिवशी आईने खीर केली. आमच्यात नारळ फोडत नाहीत. बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताचं नाव ठेवलेली लेक घरात असताना खिरीशिवाय दुसरं काय करणार, असं आई म्हणायची. जोशी मावशी मात्र लिंबू-मिरची दोऱ्यात ओवून घेऊन आल्या, म्हणाल्या, तुमच्यात चालत नाही माहीत आहे, पण माझ्या जिवाला बरं वाटेल. आईने हसून घेतली. लिंबू संध्याकाळी वरणात पिळलं, मिरच्या ठेच्यात गेल्या, आणि ठेचा अर्धा मावशींकडे गेला. मग आबांनी बाहेर स्टुलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली, आणि आम्ही चौघं गाडीसमोर हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणालो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आबा आधी म्हणायचे आणि आम्ही मागून. त्यांचा आवाज त्या ओळीवर जरासुद्धा थांबला नाही. माझा थांबला, पण इतरांच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर आम्ही भाज्याला गेलो, पायऱ्या चढून लेण्यात गेलो. दगडात कोरलेल्या त्या उंच कमानीखाली आबा नेहमीसारखे हात मागे बांधून उभे राहिले. दरवेळी म्हणायचे तेच म्हणाले, की हे कोरताना एक टोला चुकला असता तर डोंगर परत लावता आला नसता.

गाडीने आपलं काम केलं, हेही लिहिलं पाहिजे. त्याच भाद्रपदात एका सकाळी सुजाताचा सूर पुन्हा बंद झाला, आणि मी तिला पंचवीस मिनिटांत तळेगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आईने परतताना गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी मात्र ती पंचवीस मिनिटं डावा पुढचा कोपरा ऐकत होतो. बहीण मागे आडवी, आणि मी खड्डा आला की दात आवळत होतो.

दिवाळीच्या आधी आबा एक दिवस दुपारीच घरी आले आणि पायातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले. सरकारी हातोडी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती आणि डॉक्टरी तपासणी मागून घेतली होती. पुढे त्यांना स्टेशनच्या स्टोअरमध्ये बसवलं, रजिस्टर आणि कंदिलाच्या काचा सांभाळायला. पण त्या दुपारी मला एवढंच माहीत होतं की ते लवकर आलेत. मी आत भाकरी खात होतो. ते आणि आई ओट्यावर होते. आईने विचारलं, एकाएकी का.

"हात ग्येला," आबा म्हणाले.

"ग्येला म्हंजी?"

"कान तर कवाच ग्येलाय. तुला बोललो न्हाई. हातावर भागवत हुतो. टोला हाणला की दांड्यातनं कळतं, चाक धड का फुटकं. आजवर एकदा बी चुकला न्हाई हात. त्या लाल गाडीला खालनं हाणलं तवा हाताला बद्द लागलं. तीनदा हाणलं. पोरगं म्हनलं, खणखणीत."

"मंग पोरगं चुकलं आसंल."

"त्याचा कान मी घडवलाय. त्यो न्हाई चुकायचा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "धड लोखंडाला बद्द म्हनणारा हात उद्या फुटक्याला धड म्हनंल. खाली घाट हाय."

मी खोटं बोललो असेन, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. माझ्यामध्ये आणि ओट्यामध्ये एक उघडं दार होतं. चार पावलं चालून एक वाक्य बोलायचं होतं. हातातली भाकरी मी तुकडा तुकडा करून संपवली, ताट धुतलं आणि मागच्या दाराने बाहेर गेलो. गाडीखालचं खोटं एका हावरट पोराचं होतं, ते मी कधीतरी स्वतःला माफ केलं असतं. त्या दुपारची भाकरी नाही. कधी कधी मी मनाची समजूत घालतो की कान गेलेल्या माणसाने ते काम सोडलं हे बरंच झालं. असेलही. पण ते कान गेला म्हणून उठले नाहीत. माझ्या शब्दाने उठले.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून त्या जागी पट्टी मारून घेतली. त्याने गाडी वर चढवून बघितली आणि म्हणाला, कुणी घेतली रे ही, आंधळ्याने का बहिऱ्याने? मी पैसे मोजले. गाडी आणखी सात वर्षं पळाली. सुजाताचा दमा वयाबरोबर मागे पडला. ती आता तळेगावला शाळेत शिकवते आणि वर्गात कुणाच्या छातीतला सूर पहिल्यांदा तिलाच ऐकू येतो. आबा निवृत्त होऊन भाज्याला राहायला गेले. त्यांनी पुन्हा कधी माठ वाजवून घेतला नाही. बाजारात आई त्यांच्यापुढे माठ धरायची, ते म्हणायचे, तूच बघ. आई माठवालीशी काहीतरी बोलत राहायची, आणि मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या महिन्यात मी माझ्या मुलीला, प्रज्ञाला, घेऊन भाज्याला गेलो होतो. तिला नवी नोकरी लागली आहे आणि एक जुनी गाडी घ्यायची आहे, पैसे थोडे, पण पळणारी हवी. ती आबांना मोबाइलवर फोटो दाखवत होती. आबांच्या कानात आता मशीन असतं, बोलणं बरं ऐकू येतं. ती म्हणाली, आबा, तुम्ही चला ना, आजी सांगते तुम्ही नुसतं वाजवून सांगायचात. आबांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"माजा हात खोटा हाय, बाळा. तुज्या बापाला घिऊन जा. त्याचा कान खरा."

ते इतकं सहज बोलले की त्यात दुःखसुद्धा नव्हतं. तीस वर्षांत ते वाक्य झिजून गुळगुळीत झालं होतं. मी ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. मुलगी समोर, आई आत. मी म्हणालो, "आबा, ती लाल गाडी बद्द वाजली होती."

त्यांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी जवळ जाऊन पुन्हा बोललो. की आवाज बद्द होता, तिन्ही वेळा, मला नीट कळला होता, आणि मला गाडी हवी होती. की नंतर ते आणि आई ओट्यावर बोलत होते, तेही मी ऐकलं होतं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

आबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डावीकडं. पुढच्या चाकाच्या मागं. तितंच ना?"

"हो."

"व्हय. तितंच." त्यांनी मूठ मिटली, उघडली. "मंग हात खरा हुता."

मी शिव्यांची वाट बघत होतो. निदान त्यांनी तोंड फिरवावं, याची तरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्या रागाच्या वर दुसरंच काहीतरी येत होतं आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा चेहरा असा उजळताना मी पहिल्यांदाच पाहिला. मला तिथे उभं राहवेना आणि हलवेना. त्यांनी आत हाक मारून आईकडे हातोडी मागितली. आई ती घेऊन बाहेर आली. बाभळीचा दांडा खेकड्यांच्या कालवणाने काळा झाला होता. तिने ती पदराला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. माझ्याकडे तिने त्या दिवशी बघितलं नाही. अजून नीट बघत नाही.

माझी गाडी अंगणात उभी होती. आबा प्रज्ञाच्या खांद्याला धरून उठले. कानातलं मशीन काढून त्यांनी तिच्या हातात ठेवलं. मग मागच्या चाकापासून सुरुवात केली. रिमवर टोला, दांडा मुठीत, डोळे मिटलेले. पत्र्याला पेराने टिचकी, मग तळहात सपाट टेकवलेला. एक दार, दुसरं दार. मी दोन पावलं मागे थांबलो होतो, यार्डाच्या कुंपणापाशी थांबायचो तसा. पुढच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. दुसरी टिचकी. तिसरी. तळहात तिथेच ठेवून त्यांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आवाज कसा आला?"

"बद्द, आबा," मी म्हणालो, त्यांना ओठ दिसावेत असं सावकाश. "गेल्या साली ठोकली होती. लांबी भरलीय."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या चाकाकडे वळले.